अपुऱ्या दिवसांचे अर्भक घरी येते तेव्हा

आठव्या मासात ओज अस्थिर असते, ते मातेकडून गर्भाकडे व गर्भाकडून मातेकडे संचार करते, असे चरकाचार्यांनी शारीरस्थानात सांगितले आहे. ओज स्थिर नसल्यामुळे या मासात जन्मलेले बालक जगत नाही, असे सुश्रुतसंहितेचे मत आहे. हा विषय आपण सर्वांनी प्रथम वर्षात पाठ केला आणि परीक्षेत लिहिला. आज मात्र आठव्याच काय, सातव्या मासात जन्मलेले आणि जगलेले बालक आपल्या दवाखान्यात आजीच्या मांडीवर बसून येते. पुण्यातील एखाद्या रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात तीन-चार आठवडे उबदार पेटीत काढून, नळीने दूध घेऊन, वजन साधारण एक किलो सहाशे ते आठशे ग्रॅमच्या आसपास आल्यावर त्याला घरी सोडलेले असते.

संहितेचे विधान यामुळे खोटे ठरले असे आम्ही मानीत नाही. ओज अस्थिर आहे हे निरीक्षण अचूकच होते. फरक इतकाच पडला की त्या अस्थिर ओजाभोवती यंत्रांची, परिचारिकांची आणि नियमांची एक भिंत उभी राहिली. घरी सोडण्याच्या दिवशी ही भिंत काढून घेतली जाते. त्या दिवसापासून पुढील दोन-तीन महिने हे काम घराला करावे लागते, आणि घर सल्ला विचारते तो बहुधा गावातील वैद्याला किंवा औषधाच्या दुकानदाराला. या लेखाचा विषय तेवढाच आहे. आमच्या मते या काळात आपल्या शास्त्राचे खरे बळ कुमारागारात, स्तन्यात आणि संयमात आहे. चमच्यातून देण्याच्या औषधात ते फारच थोडे आहे.

शिरूर तालुक्यातील वडगाव रासाई हे भीमेच्या काठचे गाव घ्या. नदीपलीकडे दौंड तालुका. बागायती पट्टा, सर्वत्र ऊस, आणि पुष्कळ कुटुंबे गावठाणात न राहता मळ्यात वस्ती करून राहणारी. मांडवगण फराट्याचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि न्हावऱ्याचे ग्रामीण रुग्णालय त्यातल्या त्यात जवळ. नवजात अतिदक्षता विभाग म्हटला की पुण्याची वाट. हिवाळ्यात नदीकाठच्या वस्तीवर पहाटेची थंडी बोचरी असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत ऊसतोडणी ऐन भरात असल्याने घरातील कर्ती माणसे पहाटेच बाहेर पडलेली असतात. तोडणीसाठी आलेल्या टोळीतील बाईचे बाळ तर पाचटाच्या कोपीत असते. पुस्तकात लिहिलेला प्रत्येक उपदेश या परिस्थितीवर घासून पाहिल्याशिवाय आपण तो देऊ नये.

प्रथम खोलीचा विचार करू. चरकांनी जातिसूत्रीय अध्यायात कुमारागाराचे जे वर्णन केले आहे ते आज पुन्हा वाचण्यासारखे आहे. खोली बळकट असावी, अंधारी नसावी, तीत सरळ वारा येऊ नये पण एका बाजूने हवा खेळती असावी. कुत्री, दंश करणारे प्राणी, उंदीर, कीटक यांचा उपद्रव नसावा. अंथरूण-पांघरूण हलके, मऊ, स्वच्छ आणि सुगंधी असावे. घामाने, मलमूत्राने मळलेले वस्त्र टाकून द्यावे आणि दुसरे मिळण्याजोगे नसेल तर तेच नीट धुऊन, धुरावून, पूर्ण वाळवून वापरावे, अशी तडजोडही तेथेच सांगितली आहे. गरिबाच्या घराचा विचार आचार्यांनी केला होता असे ही तडजोड वाचताना वाटते.

आता आपल्याकडील बाळंतिणीची खोली पाहा. खिडकी गोणपाटाने बंद, दारावर जाड चादर, बाजेखाली शेगडी, तीत ओवा-शेपेची धुरी, आणि भेटीला येणाऱ्या बायकांची रीघ. निवात या शब्दाचा अर्थ आपण कोंदट असा करून ठेवला आहे. पूर्ण दिवसांच्या सशक्त बाळाने हे सोसले असेल. ज्याची फुप्फुसे अपुरी वाढलेली आहेत, ज्याला काही दिवस प्राणवायू लावावा लागला आहे, त्याला हा धूर सोसत नाही. धूपनाविषयी मूळ वचन लक्षात घ्यावे. यव, सर्षप, अतसी, हिंगू, गुग्गुळ, वचा इत्यादी द्रव्यांचे तुपासह धूपन चरकांनी शय्या, आसन, आस्तरण आणि प्रावरण यांसाठी सांगितले आहे. बाळाला धुरीवर धरण्याचा विधी त्यात नाही. दुपट्यांना अंगणात धुरी द्यावी, ती उन्हात झटकावी, धूर निघून गेल्यावर आत आणावी. शास्त्र पाळले जाते आणि बाळाचा श्वासही राहतो. काही बाळांना घरी प्राणवायूची नळकांडी किंवा यंत्र देऊन सोडतात. त्या खोलीत शेगडी, धूप, उदबत्ती, समई, विडी यांपैकी काहीही पेटते असता कामा नये. प्राणवायूच्या सान्निध्यात आग भडकते. हे घरच्यांना रुग्णालयात सांगितलेले असले तरी सोडण्याच्या दिवशीच्या गडबडीत ते ऐकलेले असतेच असे नाही.

मग शेगडीवाचून ऊब कशी द्यायची? याचे उत्तर मातेच्या छातीत आहे. कोलंबिया देशातील बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस उबदार पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा एडगर रे या डॉक्टरांनी बाळाला फक्त लंगोट व टोपरे घालून मातेच्या उघड्या छातीवर उभे बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. तिलाच आज कांगारू मातृसेवा म्हणतात. घरी बसून ही पद्धत कितपत उपयोगी पडते याचा मोठा अभ्यास हरियाणाच्या ग्रामीण भागात झाला आणि २०१९ साली प्रसिद्ध झाला. दीड ते सव्वादोन किलो वजनाच्या ८,००० हून अधिक बाळांचा त्यात समावेश होता. ज्या घरांत ही पद्धत शिकवली गेली तेथे पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली केलेल्या शिफारशीत दिवसातील ८ ते २४ तास, जितके जमेल तितके, बाळ अंगाशी ठेवावे असे म्हटले आहे. जे औषध एवढा फरक पाडील असे औषध आमच्या कपाटात नाही, आणि आमच्या ॲलोपॅथिक मित्रांच्याही कपाटात बहुधा नसावे.

घरी अडचण येते ती लाजेची आणि कामाची. सुनेने छाती उघडी टाकून तासन्‌तास बसावे हे सासऱ्यांच्या घरात जमत नाही. यावर उपाय साधा आहे. समोर उघडणारे सैल झंपर, त्यात बाळ, वरून लुगड्याचा किंवा ओढणीचा घट्ट बांध आणि त्यावर शाल. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त पोटाशी बांधलेले गाठोडे दिसते. बाळाची मान किंचित मागे व एका बाजूला वळलेली असावी, नाक मोकळे असावे, पाय बेडकासारखे दुमडलेले असावेत. मातेने सरळ आडवे न होता पाठीला उशा लावून तिरके टेकावे. ती थकली की आजीने घ्यावे, आणि बापानेही घ्यावे. वस्तीवरचे तरुण बाप सुरुवातीला हसतात. एकदा घेतले की सोडायला तयार नसतात, असा आमचा अनुभव आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत जे घरपोच नवजात बाळसेवेचे काम केले त्यात कमी वजनाच्या बाळांसाठी उबदार पिशवी वापरली जात असे. त्या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला, हा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ते काम गावातील थोडे शिकलेल्या बायकांनी केले होते हे विशेष.

आपल्या शिरूर तालुक्यालाही अशी परंपरा आहे. वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला आणि गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. आज ते काम आशाताई करतात. २०११ पासून देशभर लागू झालेल्या कार्यक्रमानुसार रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाने जायचे असते. आपण आशाताईंना प्रतिस्पर्धी समजू नये. त्यांच्याकडे वजनाचा काटा आणि तापमापक असतो. आपल्यापैकी किती जणांच्या दवाखान्यात दहा ग्रॅमचा फरक दाखवणारा काटा आहे?

स्तन्याविषयी आपल्या ग्रंथांत जितके लिहिले आहे तितके क्वचितच दुसऱ्या कोणी लिहिले असेल. येथे मात्र एक अडचण असते. बत्तिसाव्या-तेहतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बसवता येत नाही. चौतीस आठवड्यांच्या सुमारास तो बसू लागतो. म्हणून घरी आल्यावरही काही दिवस दूध काढून वाटी-चमच्याने पाजावे लागते. आपल्या आजीच्या काळातील बोंडले यासाठी उत्तम. उकळून वापरावे, धार बारीक ठेवावी, बाळाने गिळल्याशिवाय पुढचा थेंब सोडू नये. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. अपुऱ्या दिवसांचे बाळ भुकेने रडत नाही, ते झोपून राहते, आणि घरचे लोक ‘किती गुणी बाळ आहे’ म्हणून त्याला उठवीत नाहीत. या गुणीपणाची आम्हाला भीती वाटते. बाटलीचे बूच नको. दूध खरोखरच अपुरे पडत असेल तर निर्णय बाळाला सोडणाऱ्या बालरोगतज्ज्ञांनी घ्यावा. दात्या मातांच्या दुधाच्या पेढ्या हल्ली मोठ्या रुग्णालयांत आहेत. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केलेली पेढी आशियातील पहिली मानली जाते. धात्रीची परीक्षा करूनच तिचे दूध द्यावे, हा संहितेतील आग्रह तेथे रक्ततपासणी आणि पाश्चरीकरण या रूपाने पाळला जातो असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव ही स्तन्यनाशाची कारणे सुश्रुतांनी शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात दिली आहेत. तीन आठवडे बाळ काचेपलीकडे पाहिलेल्या मातेला यातील शोक समजावून सांगावा लागत नाही. घरी आल्यावर तिला ऐकावे लागते ते निराळेच: दिवसांत जड उचलले असेल, ग्रहण पाळले नसेल, हिच्या अंगातच दूध नाही. वैद्याने येथे अधिकारवाणी वापरावी. अकाली प्रसूतीची कारणे अनेक असतात आणि पुष्कळदा कोणतेच सापडत नाही, हे सासूसमोर, मोठ्याने, एकदा सांगितल्याचा परिणाम शतावरी कल्पापेक्षा अधिक होतो असे आम्ही पाहिले आहे. शतावरी द्यायला हरकत नाही. अळीव, डिंक, खसखस, बाजरीची भाकरी हेही चालू द्यावे. मातेला रसौषधी मात्र या काळात देऊ नयेत. क्षीरप अवस्थेत धात्रीला औषध देऊन बालकाची चिकित्सा करावी हा आपलाच सिद्धांत आहे. जे मातेच्या पोटात जाते ते बाळापर्यंत पोचू शकते, हा त्या सिद्धांताचा दुसरा अर्थ.

आता दुकानदार बंधूंशी थोडे बोलायचे आहे, कारण पहिला प्रसंग त्यांच्याच काउंटरवर येतो. आजी येतात आणि गुटीची पुडी मागतात. ‘बाळ अंग धरत नाही हो, गुटी नाही उगाळली तर कसं व्हायचं?’ मागणी प्रेमाची असते. पण पुडीत काय असते? हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, वेखंड, अतिविष, काकडशिंगी, जायफळ, मायफळ, सुंठ, कधी डिकेमाली. सहाण धुतलेली असतेच असे नाही, पाणी उकळलेले असतेच असे नाही, आणि वळसे किती हे हातावर. ज्या बाळाच्या श्वासात आपोआप खंड पडण्याची शक्यता असते त्याला जायफळाने गुंगी आणणे किती धोक्याचे आहे हे आपल्याला कळायला हवे. दीड-दोन किलोच्या बाळाचा अग्नी कसा असतो हे आपण जाणतो. ज्यांना लेहन देऊ नये अशांची यादी काश्यपसंहितेच्या लेहाध्यायातच आहे. मंदाग्नी, अजीर्ण, ज्वर, अतिसार, श्वास, कास, कामला असलेली बालके त्यात येतात. लेहन रोज देऊ नये आणि दुर्दिनी देऊ नये असेही तेथे सांगितले आहे. लेहनाच्या फलश्रुतीचे फलक आपण दुकानात लावले, निषेधांची यादी मात्र ग्रंथातच राहिली.

पुष्य नक्षत्रावरील सुवर्णप्राशन शिबिरांचे आयोजन आपल्यापैकी अनेक जण करतात. पूर्ण दिवसांच्या, निरोगी, मोठ्या बालकांसाठी त्याविषयी ज्याचे-त्याचे मत असू शकते. अपुऱ्या दिवसांच्या किंवा अतिदक्षता विभागातून आलेल्या बाळाचे नाव पहिले वर्ष संपेपर्यंत नोंदवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यात मध असतो. मधातून क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जंतूंचे बीजाणू तान्ह्या आतड्यात रुजून विष तयार होऊ शकते आणि त्यामुळे स्नायू लुळे पडतात. पहिली लक्षणे म्हणजे मलावरोध आणि चोखणे मंदावणे. आधीच मंद चोखणाऱ्या बाळात ते ओळखणार कोण? म्हणून एक वर्षाच्या आत मध देऊ नये असा नियम बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि या बाळांबाबत तो नि:शंक पाळावा.

बालचतुर्भद्र चूर्णाबाबत थोडे अधिक लिहावे लागेल. मुस्ता, पिंपळी, अतिविष आणि कर्कटशृंगी यांचे हे चूर्ण ज्वर, अतिसार, कास, श्वास, छर्दी यांवर आपण विश्वासाने देतो. एरवी ते चांगले आहेच. परंतु ज्या पाच तक्रारींवर ते दिले जाते त्यांपैकी प्रत्येक तक्रार या बाळाच्या बाबतीत रुग्णालयात परत जाण्याची खूण आहे. दोन पुड्या बांधून ‘उद्या दाखवा’ असे म्हणण्याइतका वेळ तेथे नसतो. जंतुसंसर्ग झालेले कमी वजनाचे बाळ सकाळी दूध सोडते आणि रात्रीपर्यंत हाताबाहेर जाऊ शकते. अरविंदासवाची बाटली मागणाऱ्यालाही नाही म्हणावे. संधान कल्पातील मद्यांश या वयाला चालत नाही. ग्राइप वॉटरही नको. रुग्णालयाने दिलेले लोहाचे आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब मात्र उष्ण पडतील म्हणून कोणी बंद करू लागले तर तसे करू देऊ नये. गर्भाला लोहाचा साठा शेवटच्या तीन महिन्यांत मिळतो. हे बाळ तो घेण्याआधीच बाहेर आले आहे.

अभ्यंगाबद्दल आम्ही इतके कठोर नाही. तेलाचा पिचू मस्तकावर ठेवावा हे सुश्रुतांनी सांगितलेच आहे, आणि कोवळ्या त्वचेला स्नेहाची गरज असते याला नव्या अभ्यासांतही आधार मिळतो. बांगलादेशातील एका रुग्णालयात ३३ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाच्या तेलाचा हलका लेप दिला असता जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाला, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. कच्च्या घाणीच्या मोहरीच्या तेलाने मात्र त्वचेच्या आवरणाला हानी होते असे दिसले आहे. प्रश्न तेलाचा नाही, हाताचा आहे. न्हाऊ घालणारी बाई गावातील पाच घरे करून येते. तिचे हात, तिचा खोकला आणि तिची घाई ही तिन्ही बाळाला नकोत. दोन किलोच्या आतील बाळाला न्हाऊ घालू नये, कोमट पाण्यात बुडवलेल्या मऊ फडक्याने एकेक अंग पुसून लगेच झाकावे. तेल मातेने लावावे, हात धुऊन, उबदार वेळी, दाब न देता. डाळीच्या पिठाने अंग चोळणे नको. टाळू भरताना तेल जिरेल इतकेच घ्यावे. नाकात आणि कानात तेल सोडणे सक्त बंद; नाकातील तेल फुप्फुसात उतरते आणि तेथे जो दाह होतो तो महिनोन्‌महिने जात नाही. काजळही नको. बाळाला एकाएकी उठवू नये, वर उडवू नये, दरडावू नये, अकाली बसवू नये, हा सुश्रुतांचा उपदेश या बाळांसाठी तर तंतोतंत लागू पडतो.

धोक्याच्या खुणा प्रत्येक वैद्याला माहीत असतात, तरीही रात्री अकरा वाजता वस्तीवरून फोन येतो तेव्हा नेमके काय विचारावे हे ठरलेले असावे. दूध किती वेळा घेतले? आधीपेक्षा कमी घेत असेल तर पुढचे प्रश्न विचारण्याआधी गाडी काढायला सांगावी. मग पोट आणि पाय हाताला गार लागतात का. पूर्ण एक मिनिट मोजले असता श्वास साठ किंवा अधिक आहेत का. छातीच्या खालच्या भागात खळगा पडतो का. अंग लुळे आहे का. पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला आहे का. पोट फुगून हिरवी उलटी झाली का. झटका आला का. श्वास थांबून ओठ निळे पडले का. काखेतील तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअस असावे. या बाळांत ताप येण्यापेक्षा अंग गार पडणे अधिक वाईट, हे घरच्यांना आवर्जून सांगावे लागते. ताप म्हटला की सगळे धावतात, गार पडले की आणखी एक गोधडी घालतात.

निघायचे ठरले तरी वस्तीवरून रात्री निघणे सोपे नसते. उसात बिबट्याचा वावर आहे, मोटारसायकलवर तान्हे बाळ घेऊन जायला घरचे कचरतात, आणि ‘उजाडल्यावर पाहू’ असे ठरते. त्यासाठी बाळ घरी आल्याच आठवड्यात चारचाकी असलेल्या शेजाऱ्याशी बोलून ठेवावे, रस्त्यापर्यंत कोण सोबत येणार हे ठरवावे, १०८ आणि १०२ हे क्रमांक भिंतीवर लिहावेत. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात शासकीय रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार, औषधे आणि वाहन विनामूल्य आहे. २०११ मध्ये तो सुरू झाला आणि पुढे एक वर्षापर्यंतची आजारी बालके त्यात आली. पैसे नाहीत म्हणून थांबलेल्या घराला हे माहीत नसते. वाटेत बाळ छातीशी बांधूनच न्यावे. रुग्णालयाचा सोडपत्राचा कागद आणि वजनाची वही एका पिशवीत दाराशी टांगलेली असावी.

सगळे सुरळीत चालले असेल तेव्हाही दोन गोष्टी मुद्दाम विचाराव्यात. पहिली डोळ्यांची. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हायला हवी, फारच लहान बाळाची त्याहूनही आधी. दृष्टिपटलावर वाढणाऱ्या वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या बाहेरून दिसत नाहीत. वेळेत लेसर केला तर दृष्टी वाचते, वेळ गेली तर बाळ कायमचे अंध होते. सव्वा महिना बाळाला बाहेर काढायचे नाही या रूढीत ही मुदत नेमकी निघून जाते. ‘डोळे दाखवले का?’ हा प्रश्न दुकानदारानेही विचारावा; थेंबांची बाटली बांधताना तेवढा वेळ असतो. दुसरी गोष्ट लसीकरणाची. ते जन्मतारखेप्रमाणेच होते, बाळ लहान आहे म्हणून ते पुढे ढकलायचे नसते.

घरचे लोक विचारतात की मूल पुढे शहाणे होईल ना. याला पुण्यातूनच उत्तर मिळाले आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी त्यांचा बुद्ध्यंक इतर मुलांपेक्षा कमी आढळला, पण सरासरीने तो सामान्य मर्यादेतच होता. अपुऱ्या दिवसांची आणि शिवाय गर्भातच खुरटलेली मुले सर्वांत मागे होती. वाचन आणि गणित यांत अडचणी अधिक होत्या. म्हणजे घाबरून जाऊ नये, पण शाळेत मूल मागे पडले तर त्याला आळशी म्हणून मारू नये आणि जन्माचा कागद जपून ठेवावा.

घरच्यांची गफलत होते ती वयाच्या मोजणीत. दोन महिने आधी जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले की शेजारच्या बाळाशी तुलना सुरू होते: ते बसते, हे का बसत नाही? जेवढे आठवडे आधी जन्मले तेवढे वजा करून वय धरावे. मान धरणे, पालथे पडणे, बसणे या सर्वांसाठी हेच सुधारलेले वय पहिली दोन वर्षे वापरतात. उष्टावणाचा मुहूर्तही त्यावरूनच काढावा. सुश्रुतांनी सहाव्या मासी लघू व हितकर अन्न सांगितले, काश्यपांनी सहाव्या मासी फलप्राशन आणि दहाव्या मासी अन्नप्राशन असा टप्पा ठेवला. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांवर दिल्लीत झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुधारलेल्या चौथ्या महिन्यात अन्न सुरू केलेल्या बाळांना रुग्णालयात अधिक वेळा दाखल करावे लागले, वजनात मात्र फायदा दिसला नाही. म्हणून सुधारलेल्या सहाव्या महिन्याची शिफारस झाली. कार्तिकात यायचे ते बाळ भाद्रपदात आले असेल, तर त्याचा सहावा महिना वैशाखात धरावा, फाल्गुनात नव्हे. आणि मामाला तसे आधीच कळवावे, म्हणजे चांदीची वाटी घेऊन तो दोन महिने अगोदर येणार नाही.